विद्यार्थी आणि रोजच्या खरेदीचे व्यवहारज्ञान
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



आजचा विषय घराघरांतील आहे. आठवीच्या वर्गातील विद्यार्थी चक्रवाढ व्याजाचे उदाहरण वहीत अचूक सोडवतो. तोच विद्यार्थी संध्याकाळी किराणा घेऊन घरी येतो आणि आई विचारते, "किती परत मिळाले?" तेव्हा तो मुठीतील नोटा आणि नाणी तिच्यापुढे उघडी करतो. ती त्याने मोजलेली नसतात. दुकानदाराने दिली आणि त्याने घेतली, एवढाच व्यवहार झालेला असतो. त्याला वजाबाकी येत नाही असे मुळीच नाही. दुकानाच्या फळीसमोर, मागे चार गिऱ्हाइके खोळंबलेली असताना ती वजाबाकी करायची असते, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. गणित येणे ही एक विद्या आहे आणि ऐन व्यवहारात ते वापरण्याचे धैर्य ही दुसरी विद्या आहे. शाळेने पहिली दिली. दुसरी कोणी द्यायची, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे.

एके काळी या दोन्ही विद्या एकत्रच मिळत. जुन्या मराठी शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुखोद्गत करून घेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे म्हणजे बाजाराची भाषा होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक. सव्वा रुपया शेर दराने अडीच शेर माल घेतला, तर किंमत तीन रुपये दोन आणे होते, हे उत्तर दहा-बारा वर्षांचा मुलगा कागदाला हात न लावता देई. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम, लिटर व मीटर आले, आणि वार व शेर मागे पडले. ही सुधारणा अत्यंत हिताची होती. हिशेब सोपा झाला आणि देशभर एकच माप झाले. मात्र हिशेब सोपा झाला तशी तोंडी हिशेबाची तालीमही सुटली. पुढे गणकयंत्र आले, छापील बिल आले आणि २०१६ मध्ये यूपीआयद्वारे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आली. आता वडील दुकानाच्या फळीवरील चौकटीसमोर मोबाइल धरतात, एक आवाज होतो आणि वस्तू पिशवीत येते. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला किती रुपये गेले, किती उरले आणि काय परत आले, यांपैकी काहीच दिसत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची किंमत बालमनाला कळणे कठीण असते.

या प्रश्नाचा विचार जोहे गावी करणे विशेष उचित आहे. जोहे, हमरापूर आणि आसपासच्या गावांत घरोघरी गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. वर्षाचे बहुतेक महिने तेथे काम चालते. कच्च्या मूर्ती घडतात, सुकतात, घासल्या जातात, रंगतात. डोळ्यांच्या आखणीला तर सराईत हात लागतो. येथून मूर्ती मुंबई, ठाणे, पुणे येथे जातात, समुद्रापारही जातात. या गावातील बालक जन्मापासून उत्पादनाच्या मध्यभागी वाढते. शहरातील मुलाला वस्तू केवळ दुकानाच्या फळीवर दिसते. जोह्याच्या मुलाला ती मातीच्या गोळ्यापासून पेटाऱ्यात भरेपर्यंत दिसते. असे असूनही त्या मुलाला "मूर्तीची किंमत अशी का?" असे विचारले, तर बहुधा "बाबांनी ठरवली" एवढेच उत्तर मिळते. सोन्यासारखी शाळा अंगणात आहे, फक्त तिचा तास अजून लागलेला नाही.

तो तास कसा घ्यावा? एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, एका लहान मूर्तीस माती साठ रुपयांची लागली, रंग पन्नास रुपयांचा, घडणावळ, रंगकाम व आखणी मिळून मजुरी दीडशे रुपये, तडा जाऊन वाया गेलेल्या मूर्तींचा वाटा वीस रुपये, जागा व वीज तीस रुपये आणि भांडवलावरील व्याज वीस रुपये. एकूण खर्च तीनशे तीस रुपये झाला. मूर्ती चारशेला विकली, तर हाती सत्तर रुपये राहिले. आता हाच हिशेब विद्यार्थ्याने आपल्या हाताने वहीत मांडला, तर त्याला तीन गोष्टी एकदम कळतात. पहिली, विक्रीची रक्कम म्हणजे कमाई नव्हे. दुसरी, मूर्ती फुटली की केवळ माती जात नाही, तिच्यावरील मजुरीही जाते. तिसरी गोष्ट खरेदीदार म्हणून सर्वांत मोलाची: गिऱ्हाइकाने शंभर रुपये कमी करून घेतले, तर ते कारागिराच्या नफ्यातून जातात, नफा संपला की मजुरीतून जातात. ज्या मुलाने हे एकदा मांडून पाहिले, तो मोठेपणी रस्त्याकडेच्या भाजीवालीशी दोन रुपयांसाठी वाद घालणार नाही आणि चकचकीत दुकानात दोनशे रुपये डोळे मिटून देणारही नाही. वस्तू घडण्याचा खर्च ज्याला कळतो, त्यालाच तिची किंमत कळते.

ही कल्पना नवी नाही. पेण तालुक्यातीलच गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. १८९५ साली त्यांचा तेथे जन्म झाला. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथे जी नयी तालीम मांडली, तिचे विनोबाजी मोठे भाष्यकार होते. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम, हे तिचे सूत्र. सूत कातता कातता मुलाने कापसाचे वजन, सुताची लांबी, तूट आणि मजुरी यांचे गणित शिकावे, अशी ती योजना होती. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग महाराष्ट्राला दिला. श्रमाने मिळवलेला रुपया खर्च करताना हात आपोआप आखडतो, हे त्यामागील सत्य. अलीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्यास पाठवावे असे सुचवले आहे. त्या दहा दिवसांतील दोन दिवस हिशेबाच्या वहीसाठी राखून ठेवले, तर जोहे-हमरापूरच्या शाळांना बाहेरून काहीही आणावे लागणार नाही.

आता उत्पादनाकडून खरेदीकडे वळू. रोजच्या खरेदीत विद्यार्थ्याला नेमके काय शिकवावयाचे? पुस्तकी व्याख्या बाजूला ठेवून पाच-सहा सवयी सांगता येतील.

पहिली सवय यादीची. बाजारास जाण्यापूर्वी काय आणायचे ते मुलाने स्वतः लिहावे आणि प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे किंमत मांडावी. अंदाज चुकला तरी हरकत नाही. चुकलेला अंदाज पुढच्या खेपेस सुधारतो. न केलेला अंदाज कधीच सुधारत नाही. यादीत नसलेली वस्तू घ्यावीशी वाटली, तर ती यादीच्या तळाशी लिहावी आणि पुढील आठवड्यात पुन्हा पाहावी. आठ दिवसांनीही तिची गरज वाटली तर खुशाल घ्यावी. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण पाठ करून घेण्यापेक्षा असा एक कागद अधिक काम करतो.

दुसरी सवय तुलनेची, आणि तुलना नेहमी एकाच मापावर करावयाची. दहा रुपयांचा बिस्किटांचा पुडा शंभर ग्रॅमचा होता. काही महिन्यांनी किंमत दहाच राहिली आणि वजन ऐंशी ग्रॅम झाले. मुलाला वाटते भाव वाढला नाही. प्रत्यक्षात शंभर ग्रॅमला साडेबारा रुपये पडू लागले, म्हणजे भाव शेकडा पंचवीसने वाढला. वेष्टनावर ग्रॅममागे अथवा किलोमागे किती किंमत पडते हेही छापावे, अशी दुरुस्ती वैधमापन नियमांत २०२१ मध्ये करण्यात आली. ती बारीक ओळ वाचण्यास मुलांना शिकवावे. मोठा पुडा नेहमीच स्वस्त पडतो असेही नाही. अलिबागेकडील पांढऱ्या कांद्याची माळ घेताना तर भाव माळेचा असतो; माळ लांब की आखूड, कांदे टपोरे की बारीक, हे पाहून ती किती किलोची भरेल याचा अदमास घ्यावा लागतो.

कापडाचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण दर जून महिन्यात गणवेशाच्या निमित्ताने ते प्रत्येक घरात येते. समजा, छत्तीस इंची पन्ह्याचे कापड शंभर रुपये मीटर आहे आणि अठ्ठावन्न इंची पन्ह्याचे एकशे पंचेचाळीस रुपये मीटर. पहिले स्वस्त वाटते. दर्ज्याने सांगितले की अंगरख्यास छत्तीस इंची कापड सव्वादोन मीटर लागेल आणि अठ्ठावन्न इंची दीड मीटर पुरेल. पहिल्याचे दोनशे पंचवीस रुपये झाले, दुसऱ्याचे दोनशे साडेसतरा. जे महाग दिसत होते तेच स्वस्त निघाले. यास्तव कापड घेताना दराच्या आधी पन्हा विचारावा. सुती असेल तर आटेल किती, रंग पक्का की कच्चा, हे विचारावे. वाढत्या अंगाच्या मुलासाठी शिवणीत माया सोडण्यास दर्ज्याला सांगावे, म्हणजे तोच गणवेश आणखी एक वर्ष चालेल. या सर्व प्रश्नांना पैसा लागत नाही. फक्त तोंड उघडावे लागते.

तिसरी सवय वेष्टन वाचण्याची. त्यावर कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, खाद्यपदार्थ असल्यास वापराची मुदत आणि तक्रारीसाठी पत्ता असतो. कमाल किंमत सर्व करांसहित असते. तिच्यावर आणखी जीएसटी मागता येत नाही. कमाल किंमत म्हणजे त्याहून अधिक घेता येणार नाही अशी मर्यादा, त्याहून कमी घेण्यास कोणतीही बंदी नाही, हेही मुलांना ठाऊक असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांवरील जीएसटी शून्य झाला. असा बदल झाला म्हणजे आपल्या वहीची किंमत पूर्वी किती होती आणि आता किती आहे, हे विद्यार्थ्याने स्वतः ताडून पाहावे. करविषयक शिक्षणाचा याहून सोपा धडा नाही.

चौथी सवय मोजण्याची. सुटा माल घेताना काट्यावर आधी शून्य दिसते की नाही ते पाहावे. मिठाई घेताना रिकाम्या खोक्याचे वजन मिठाईच्या भावाने मोजले जाऊ नये. परत मिळालेले पैसे जागेवरच मोजावे आणि मोजण्याची रीत अशी ठेवावी की वजाबाकीचे ओझेच वाटू नये. त्रेसष्ट रुपयांची खरेदी झाली आणि शंभराची नोट दिली, तर त्रेसष्टापासून पुढे चढत जावे: दोन मिळून पासष्ट, पाच मिळून सत्तर, तीस मिळून शंभर, सदतीस परत आले. जुने दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातावर याच रीतीने मोड ठेवीत.

पाचवी सवय सवलतीचा अर्थ लावण्याची. 'पन्नास टक्के आणि त्यावर आणखी वीस टक्के सूट' अशी पाटी दिसली की मुले सत्तर टक्के समजतात. हजाराची वस्तू आधी पाचशेला येते, मग पाचशेचे वीस टक्के, म्हणजे शंभर रुपये कमी होऊन चारशेला मिळते. सूट साठ टक्के झाली. 'दोनवर एक मोफत' याचा अर्थ सूट शेकडा सव्वातेहतीसच्या आसपास, आणि तीही तिन्हींची गरज असेल तरच. उसनवारीचेही तसेच. 'महिना शेकडा दोन' हे शब्द कानाला हलके वाटतात, पण वर्षाला ते चोवीस टक्के होतात. मोबाइल हप्त्याने घेताना 'बिनव्याजी' या शब्दापुढे थांबावे, सर्व हप्ते आणि वरखर्च यांची बेरीज करावी आणि ती रोखीच्या किमतीशेजारी लिहावी.

सहावी सवय नव्या काळाची. मोबाइलवरून पैसे देताना नाव आणि रक्कम वाचल्याशिवाय गुप्त अंक टाकू नये. पैसे मिळवण्यासाठी गुप्त अंक कधीच टाकावा लागत नाही. जो तसे सांगतो तो फसवतो आहे. दहा वर्षांवरील मुलास स्वतःच्या सहीने चालवता येईल असे बचत खाते उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. पूर्वी अनेक शाळांत 'संचयिका' नावाने विद्यार्थ्यांची बचतपेढी चालत असे आणि मुलेच तिचे हिशेब लिहीत. थेंबे थेंबे तळे साचे, हे त्या पेढीत प्रत्यक्ष दिसे.

येथे एका वर्गाचा विशेष उल्लेख आवश्यक आहे. ज्या बालकांची बौद्धिक वाढ संथ आहे, त्यांना व्यवहार कधीच जमणार नाही असे घरची मंडळी गृहीत धरतात आणि त्यांच्या हाती पैसा देतच नाहीत. हे त्यांच्यावर अन्यायकारक आहे. अशा मुलांना मोड मोजता आली नाही, तरी पुढचा दहाचा टप्पा गाठण्यास शिकवता येते. सदतीस रुपये सांगितले की दहाच्या चार नोटा द्यायच्या. नोटा रंगावरून ओळखता येतात: दहाची चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभराची जांभळट, दोनशेची पिवळी, पाचशेची राखाडी. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये 'मनी' नावाची मोबाइल सुविधा आणली. ती नोट ओळखून बोलून सांगते. ओळखीच्या दुकानात, ठरलेल्या वेळी, रोज एकच वस्तू आणण्यापासून प्रारंभ करावा. महिना-दोन महिन्यांत दुसरी वस्तू जोडावी. स्वतःच्या हाताने साबणाची वडी विकत आणणारे मूल घरात वेगळ्याच मानाने वावरते.

आता जो प्रश्न या सभागृहातील अनेकांच्या मनात आला असेल, त्याकडे वळणे भाग आहे. समाजातील बहुसंख्य कुटुंबे व्यापारात आहेत. गिऱ्हाइकाच्या मुलाला इतके शहाणे केले, तर दुकानदाराचे काय? दहा वर्षांचे पोर "काका, काट्यावर शून्य दाखवा" म्हणू लागले, तर गर्दीच्या वेळी धंदा करायचा कसा?

या प्रश्नाचे उत्तर व्यापाराच्या अनुभवातच आहे. ज्या गिऱ्हाइकाने हिशेब पडताळला आणि तो बरोबर निघाला, ते गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ज्याने पडताळलाच नाही, त्याच्या मनात संशय राहतो, आणि संशय दुसऱ्या दुकानाची वाट दाखवतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि मालातील भेसळ यांचा स्पष्ट समावेश आहे. ज्याचे माप खरे आहे, त्याला प्रश्नाचे भय नसते. उलट प्रश्न विचारणारे मूल त्याच्या खरेपणाचे साक्षीदार ठरते. आज मोठ्या साखळी दुकानांशी आणि घरपोच सेवांशी गावच्या दुकानदाराला टक्कर द्यावी लागते. त्यांच्याकडे भांडवल आहे, सवलती आहेत. परंतु मुलाला नावाने हाक मारून "बाळा, मोजून घे रे" म्हणणारा माणूस तेथे नाही. हे एक वाक्य गावच्या दुकानाची खरी मिळकत आहे. ते म्हणण्यास पाच सेकंद लागतात, आणि ते ऐकलेले मूल जन्मभर मोजून घेते.

ग्राहकजागृतीची परंपरा महाराष्ट्रात भक्कम आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २०२० पासून लागू झाला. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तथापि, कायदा बिल मागतो, आणि बिल मागण्याची लाज वाटणाऱ्या माणसाला कायदा फारशी मदत करू शकत नाही. ती लाज लहानपणीच जावयास हवी.

न विचारण्याची सवय किती दूरवर जाते, याचा अनुभव पेण तालुक्याइतका क्वचितच कोणास आला असेल. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि दीड लाखाहून अधिक ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत शेतकरी होते, निवृत्त शिक्षक होते, छोटे कारखानदार होते. यात ठेवीदारांचा दोष नव्हता. त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि विश्वास हा गुन्हा नाही. परंतु ठेवींना विम्याचे संरक्षण किती, हा साधा प्रश्न त्या वेळी किती घरांत विचारला गेला होता? तेव्हा ती मर्यादा एक लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली आहे. ज्या घरात मुले वाण्याच्या दुकानात "भाव काय, वजन किती, बिल द्या" असे निःसंकोच विचारतात, त्या घरात पुढे बँकेतही प्रश्न विचारले जातात. मोठ्या व्यवहाराचे शहाणपण छोट्या व्यवहारात पेरावे लागते.

हंगामी उत्पन्नाच्या गावांत तर त्याची निकड अधिक आहे. जोह्यास गणेशोत्सवाच्या आगेमागे पैसा येतो आणि खर्च बारा महिने चालतो. माती-रंगाची उधारी, कामगारांच्या उचली, शाळेची फी हे सारे त्याच रकमेतून भागवावयाचे. त्यातच प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविषयीच्या निर्बंधांचे वारे दरवर्षी बदलते आणि कच्चा माल किती भरावा याचा अंदाज चुकतो. अशा घरातील मुलांना आलेल्या रकमेचे बारा भाग कसे करावेत हे लवकर कळणे, ही त्या घराची गरज आहे. वडिलांनी हंगाम संपल्यावर एका संध्याकाळी मुलांना जवळ बसवावे, वही उघडावी आणि किती आले, किती देणे आहे, किती उरले, हे त्यांच्यासमोर वाचावे. मुलांना कळत नाही असे मानणाऱ्या घरांत मुलांना काळजी तेवढी कळते, कारण कळत नाही.

शेवटी, करावयाचे काय ते थोडक्यात. पालकांनी आठवड्यातून एक खरेदी पूर्णपणे मुलावर सोपवावी, मुलाइतकीच मुलीवरही. तिच्यासाठी नोटा आणि नाणी द्यावीत, मोबाइल नव्हे. चार-दोन रुपयांची चूक झाल्यास रागावू नये. तेवढी फी समजावी. शिक्षकांनी बाल आनंद मेळाव्यातील खाऊच्या दुकानांना हिशेबाची वही जोडावी. विक्री संपल्यावर साहित्याचा खर्च वजा करून खरा नफा फळ्यावर मांडला जावा आणि कोणाचे दुकान तोट्यात गेले हेही मोकळेपणाने बोलले जावे. कारखानदारांनी वर्षातून दोन दिवस आपली दारे विद्यार्थ्यांना उघडावी आणि खर्चाची वही दाखवण्यात कमीपणा मानू नये. आणि दुकानदार बंधूंनी फळीसमोर उभ्या राहिलेल्या लहान गिऱ्हाइकाला मोठ्यांच्या आधी नव्हे, पण मोठ्यांइकाच वेळ द्यावा. त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे, न मागता बिल द्यावे आणि मोड त्याच्या तळहातावर मोजून ठेवावी.

विद्यार्थी मित्रहो, एवढे केले तरी अर्धे काम उरते आणि ते तुमचे आहे. उद्या दुकानात जाल तेव्हा मागे कितीही माणसे उभी असोत, परत मिळालेले पैसे मोजल्याशिवाय फळी सोडू नका. कमी आले तर नम्रपणे सांगा. जास्त आले तरीही तितक्याच तत्परतेने सांगा आणि परत करा. ज्याला हे दोन्ही साधले, त्याचे व्यवहाराचे शिक्षण पूर्ण झाले असे खुशाल समजावे.